वारा पडलेल्या दिवशी

‘वारा पडला की भावजी घरी बसतात. तेवढं एक राहू दे गं,’ मावशी म्हणाली होती, आणि तिच्या भाचीने ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं होतं. मावशीला होडीतलं काय कळतंय, असं तेव्हा तिला वाटलं. मावशी बाबांच्या त्या होडीला पाण्यावरची बाज म्हणायची. शेजारी शेजारी जोडलेल्या दोन अरुंद होड्या म्हणजे तिचे काटकुळे पाय, मध्ये विणलेली जाळी, आणि वर एक म्हातारा बसून भलतीकडे निघालेला. आई गेल्यावर मावशी पंधरा दिवस बाबांकडे राहिली होती, त्या पंधरा दिवसांत तिने बाबांना किनाऱ्यावरून खूप पाहिलं असणार. पण बोलली ती एकच वाक्य, तेही फोनवर, भाजी निवडता निवडता, गुडघ्याचं दुखणं आणि शेजारणीच्या सुनेचं बाळंतपण यांच्या मधल्या जागेत. तिने उलट मावशीलाच सुनावलं होतं, ‘अगं, वल्ही काय हौस म्हणून लावतोय का? मध्येच वारा पडला तर परत कसं यायचं माणसाने?’ मावशी म्हणाली होती, ‘बरं बाई. शिकलेली आहेस तू.’ मावशीचं हे ‘शिकलेली आहेस’ म्हणजे दार लोटून घेतल्यासारखं असतं. मोठा आवाज होत नाही, पण आतून कडी लागते.

आज दुपारी मुंगी झोपली होती. मुंगी म्हणजे तिची अकरा महिन्यांची मुलगी. जमिनीवरचा प्रत्येक कण शोधून तोंडात घालते म्हणून नवऱ्याने ठेवलेलं नाव. ती वाळत घातलेले कपडे काढायला गॅलरीत गेली. दोरीवर मुंगीचे चार मोजे, दोन दुपटी, नवऱ्याचा कंपनीचा निळा शर्ट, एक चादर. तिने मोज्याला हात लावला आणि थांबली. काहीतरी चुकत होतं. मोजे वाळले होते, खालच्या रस्त्यावर बस नेहमीसारखी धापा टाकत होती, समोरच्या इमारतीतला माणूस नेहमीसारखा खिडकीत उभा राहून दात कोरत होता. मग तिच्या लक्षात आलं की दोरीवरचं काहीच हलत नाही. चादर इस्त्री करून टांगल्यासारखी सरळ लोंबत होती. शर्टाच्या बाह्या खाली, मेलेल्या. समोरच्या गच्चीवरच्या धुराड्यातून निघालेला धूर वर जाऊन तिथेच उभा होता, पुढे कुठे जायचं ते न ठरल्यासारखा. आज वारा नाही, असं तिच्या मनाने म्हटलं, अगदी सहज. आणि त्याच्या मागोमाग, तितक्याच सहजपणे, फोन नाही आला. काळजाचा ठोका चुकला म्हणतात तसं काही झालं नाही. पायरी संपली समजून पाय टाकावा आणि खाली आणखी एक पायरी निघावी, तेवढंच झालं. हातातला मोजा तिने पिळला, तो वाळलेला असूनही.

वारा नसलेला दिवस म्हणजे बाबांच्या फोनचा दिवस. हे कोणी ठरवलं नव्हतं. आई असतानाही वारा असला की दोघं खाडीवर, नसला की बाबा कोणालातरी फोन लावून बसायचे. आई गेल्यावर ‘कोणालातरी’ची ती झाली, एवढंच. फोन उचलला की ‘हॅलो’ नाही, ‘कशी आहेस’ नाही. ‘वारा पडलाय.’ मग तासभर. नळाचा वॉशर बदलला. पलीकडच्या घरात कोणीतरी गाणं शिकतंय आणि रोज त्याच सुरावर अडखळतंय. बटाटे उकडायला ठेवले आहेत, थांब जरा, बघून येतो. आणि ती फोन कान आणि खांद्यामध्ये दाबून मुंगीला पाजत त्या रिकाम्या स्वयंपाकघराचा आवाज ऐकत बसायची, झाकणाचा, पाण्याचा, चपलांचा. तिच्याबद्दल बाबा कधी विचारत नसत आणि स्वतःबद्दल कधी सांगत नसत. पण त्या तासाभरात तिला सगळं कळायचं. औषधांच्या खोक्यात घडी करून ठेवलेलं कागदाचं चिठोरं असतं ना, बारीक अक्षरांचं, ते तपासायचं तिचं काम. मात्रा किती, दिवसातून किती वेळा, दशांशाचं टिंब कुठे, काय झालं तर ताबडतोब डॉक्टरकडे जावं. ते कोणी वाचत नाही हे तिला माहीत आहे. लोक खोकं उघडतात, कागद चुरगाळतात, गोळ्या काढतात. ती मात्र आठ वर्षं वाचतेय, आणि त्यामुळे तिला न लिहिलेलंही वाचायची खोड लागली आहे. बाबांनी बटाट्यांबद्दल सांगितलं की किती बटाटे ते ती ऐकायची. तीन असले तर दोन वेळचं जेवण एकदम करून ठेवतायत. एक असला तर आज मन लागत नाहीये.

दोरीवरचे कपडे तिने काढलेच नाहीत. आत येऊन तिने फोन उघडला आणि आलेल्या फोनांची यादी खाली सरकवत गेली. नवरा, नवरा, दवाखाना, नवरा, ऑफिसातली बाई, मावशी. बाबांचा शेवटचा फोन सव्वीस दिवसांपूर्वीचा. सव्वीस दिवसांत तिनेच त्यांना सात वेळा केला होता, आणि प्रत्येक वेळी बाबा बोलले होते, दोन मिनिटं, चार मिनिटं, ‘हो, ठीक आहे, मुंगीचा दात आला का,’ त्यामुळे तिला काही वेगळं वाटलं नव्हतं. सव्वीस दिवसांत इथे निदान आठ-नऊ दिवस पान हललं नसेल. तिथे तर जास्तच. सव्वीस दिवसांपूर्वीचा वार तिने आठवला आणि मग आठवायची गरजच राहिली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. बाबांकडच्या कामाचा शेवटचा रविवार. त्या दिवशी वल्ही बसली.

वल्ही तिनेच हट्टाने बसवली होती. तीन महिन्यांपूर्वी एकदा बाबा सकाळी निघाले आणि खाडीच्या मध्यावर वारा पडला. शिडाची होडी वाऱ्याशिवाय म्हणजे धुणं वाळत घातलेलं फळकूट. ओहोटी लागली होती, ती होडीला हळूहळू समुद्राच्या तोंडाकडे न्यायला लागली. मोबाईल बाबा पाण्यावर नेत नाहीत, घरी फ्रिजवर ठेवतात. पाच तासांनी एका मच्छीमाराने दोर टाकून त्यांना ओढून आणलं. हे तिला बाबांनी सांगितलं ते आठवड्याने, आणि तेही त्या मच्छीमाराचं इंजिन किती छान चालतं ते सांगण्याच्या ओघात. त्या रात्री ती नवऱ्याला म्हणाली, ‘मी सरळ सांगणार आहे. एक तर होडी विका, नाहीतर वल्ही लावा.’ नवरा लिफ्टच्या देखभालीच्या कंपनीत आहे, वर गेलेलं खाली कसं आणायचं हा त्याचा धंदा. तो म्हणाला, ‘इंजिन लावू दे की छोटंसं.’ पण इंजिनाला बाबा तयार होणार नाहीत हे दोघांनाही माहीत होतं. बाबा आयुष्यभर वजनकाटे दुरुस्त करत आले, दुकानांचे, टपाल कचेऱ्यांचे, गोदामातले मोठे जमिनीतले. ज्या यंत्राला आवाज येतो त्यात काहीतरी बिघडलेलं असतं अशी त्यांची समजूत आहे. तिने फोनवर ‘होडी विका’ म्हटलं. पलीकडे नळ ठिबकत होता, म्हणजे वॉशर पुन्हा गेला होता. मग बाबा म्हणाले, ‘वल्ही करता येतील.’ तिला केवढं हायसं वाटलं होतं. मुंगीला उचलून तिने घरभर फेरी मारली होती.

तीन रविवार लागले. मुंगीला पोटाशी बांधून पहाटेची गाडी पकडायची, साडेतीन तासांनी उतरायचं, आणि बाबांच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दिवसभर. तिला आठवतं तो ॲल्युमिनियमच्या भुग्याचा वास, खरं तर त्याला वास नसतो, पण दातांवर एक चव येते. बाबांनी घरातली शिडी आणली होती, माळ्यावर चढायची. ती अर्धी कापली. ‘बाबा, मग माळ्यावर चढायचं कशाने?’ तिने विचारलं. ‘माळ्यावर माझं काय आहे आता,’ बाबा म्हणाले, करवत न थांबवता. कापलेली शिडी दोन्ही होड्यांवर आडवी टाकायची, तिच्या टोकांना वल्ही अडकवायच्या लोखंडी बेचक्या, मध्ये बसायला फळी. एवढी साधी गोष्ट, पण पहिल्या रविवारी बसली नाही. बेचक्या शिडीच्या अगदी टोकाला लावल्या तर वल्ह्यांच्या मुठी हातात येईपर्यंत बाहेर पाण्यात जायला वल्हंच उरेना. बाबा फळीवर बसून दोन्ही हात पसरून हवेत वल्ही मारत होते आणि म्हणत होते, ‘हे म्हणजे लहान मुलाने आजोबांचा कोट घातल्यासारखं झालं.’ दुसऱ्या रविवारी बेचक्या दोन्हीकडून वीतभर आत घेतल्या. ‘एक भाग आत, दोन भाग बाहेर. काट्याचंच गणित आहे. टेकू कुठे, त्यावर सगळं,’ बाबा म्हणाले, आणि पेन्सिल कानावर ठेवली. आता वल्हं होडीच्या काठाला घासायला लागलं, म्हणून बेचक्यांखाली लाकडी ठोकळे घालून त्या उंच केल्या. तिने ठोकळे धरले, बाबांनी भोकं पाडली. वल्ह्यांना जिथे घर्षण होणार तिथे तिने जुन्या पट्ट्याचं चामडं शिवलं. ती खूश होती. आई गेल्यापासून पहिल्यांदा त्यांच्याबरोबर काहीतरी करत होती, आणि ते वापरायच्या कामाचं होतं. बाबाही खूश दिसत होते, की तिलाच तसं दिसायला हवं होतं. तिसऱ्या रविवारी शिडी चार ठिकाणी दोराने आवळून बांधली, आणि होडी पाण्यात लोटायच्या आधी तिने, सवयीने, एकदा सगळीकडे नजर फिरवली. तेव्हा तिला पुढच्या बाजूला, जाळीच्या कोपऱ्यात, ते कॅन दिसले.

तीन प्लॅस्टिकचे कॅन, पाण्याने भरलेले, पट्ट्याने जाळीला बांधलेले. ‘एवढं पाणी कशाला घेऊन हिंडता बाबा? वल्हवायचंय ना आता, हलकी नको का होडी?’ बाबा किनाऱ्यावर वाकून दोर सोडवत होते. ते वर न बघता म्हणाले, ‘राहू दे ते.’ दोराची गाठ सुटून हातात आली. ‘नाही, बरोबर आहे. मध्ये बसल्यावर पुढे वजन नाही लागत. ओत.’ आणि तिने ओतलं. एका हाताने मुंगीला सावरत, दुसऱ्या हाताने झाकणं फिरवत, एकेक कॅन आडवा करून. पाणी गुडगुड करत बाहेर पडत होतं आणि मुंगी त्या आवाजाला हसत होती. ओल्या वाळूत एक खळगा पडला. बाबा दोर गुंडाळत तिथेच उभे होते. मग ते होडीत चढले, फळीवर बसले, तिच्याकडे तोंड करून. वल्हवणारा माणूस उलटा बसतो हे तिला माहीत असूनही चमत्कारिक वाटलं. निघालेला माणूस पाठमोरा असायला हवा. दहा-बारा ओढींत लय सापडली, वल्ही एकदम पाण्यात पडायला लागली, आणि ती टाळ्या वाजवायला लागली, मुंगीचे दोन हात धरून तिच्याही वाजवल्या. बाबा तिच्याकडे बघत लहान होत गेले. हात हलवता येत नव्हता त्यांना, दोन्ही हात वल्ह्यांवर होते. बाबा चढण्याआधीच तिने फोन दगडाला टेकवून चालू ठेवला होता; ते सगळं चित्रण तिने नवऱ्याला पाठवलं. त्याचं उत्तर आलं, ‘तुझे बाबा आता वाऱ्याचंही ऐकायचे नाहीत.’ हसणारा चेहरा. ती पण हसली होती.

आता तिने बाबांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. फ्रिजवर. पुन्हा लावला. तिच्या डोळ्यांसमोर फ्रिजची पांढरी वरची बाजू आली, तिच्यावर थरथरत सरकणारा फोन, आणि खाली कोणी नसलेलं स्वयंपाकघर. अडीच वाजले होते. नवऱ्याला लावला. मागे कुठल्यातरी लिफ्टच्या विहिरीत घण पडत होता. ‘अगं, गेले असतील पाण्यावर. येतील.’ ‘वारा नाहीये.’ ‘मग वल्हवत गेले असतील. त्यासाठीच केलंय ना आपण?’ ‘तेच तर म्हणतेय मी.’ ‘काय म्हणतेयस?’ ‘काही नाही. तू जेवलास का?’ मग मावशीला. मावशी तिसऱ्याच गावात, गुडघा बदलून पलंगावर. ‘मावशी, तुझ्याशी बाबा बोलले एवढ्यात?’ ‘माझ्याशी कशाला बोलतील? मी काय वारा आहे?’ मावशी म्हणाली, आणि मग लगेच आवाज बदलून, ‘का गं? काय झालं?’ ‘काही नाही. तू म्हणाली होतीस ना, वारा पडला की घरी बसतात, ते राहू दे. का म्हणाली होतीस?’ मावशी कुशीवर वळली असावी, पलंग करकरला. ‘असंच गं. मी बघायची ना त्यांना. वाऱ्याने जायचे ते वाऱ्यानेच यायचे. आपल्या मर्जीने परत येतायत असं मला एकदाही वाटलं नाही बघ. वारा आणून सोडायचा त्यांना दारात. कसं सांगू तुला. आणि वारा पडला की ते कावरेबावरे व्हायचे, पण घरात असायचे. चार शब्द बोलायचे. तुला फोन करायचे. म्हटलं, तेवढं तरी बंधन असू दे.’ ‘मग नीट सांगायचंस ना.’ ‘सांगितलं की. तू म्हणालीस परत कसं यायचं.’

फोन ठेवल्यावर ती मुंगीच्या पलंगाशी जाऊन बसली. मुंगीची मूठ उघडमीट करत होती. बाळंतपणानंतरचे पहिले दोन महिने ती अशीच बसायची, तोंडाजवळ हात नेऊन श्वास तपासत, आणि नवरा म्हणायचा, आहे गं, घेतेय ती श्वास, तू घे. सगळ्यांचे श्वास मोजता मोजता तिने एक मोजायचा सोडला होता. तिने नवऱ्याला पाठवलेलं ते चित्रण काढलं. आवाज बंद करून बघायला लागली. बाबा येतात, बसतात, पहिली ओढ, दुसरी. त्यांचा चेहरा तिने मोठा केला, मोठा केल्यावर त्याचे चौकोन झाले आणि चौकोनांत काही दिसेना. म्हणून तिने पुन्हा पहिल्यापासून लावलं. सुरुवातीला दोन-तीन सेकंद फोन सरळ करताना वाळू येते, तिचा पाय येतो, आणि रिकामे कॅन येतात, आडवे पडलेले. त्यांच्यावर कागदी पट्टी चिकटवलेली आहे आणि पट्टीवर बाबांच्या हातचे आकडे आहेत. बाबा प्रत्येक गोष्टीवर आकडा लिहितात, त्यात नवल नाही. वीस. वीस. तिसऱ्यावर अकरा, आणि निम्म्यावर एक रेघ, इथपर्यंतच भरायचं म्हणून. तिने ते पाहिलं आणि चित्रण पुढे गेलं, वल्ही पाण्यात पडली, ती टाळ्या वाजवू लागली. मग तिच्या डोक्याने, आठ वर्षं जे करत आलं तेच, ते आकडे एकाखाली एक मांडले.

बाबांच्या घरी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेले रकाने आहेत. ज्याचा वाढदिवस त्याला सकाळी काट्यावर उभं करायचं आणि आकडा लिहायचा, हा त्या घरातला नेम. तिचा रकाना कसा झपाझप चढत गेलेला, मग कॉलेजात एकदम उतरलेला, मग लग्न, मग मुंगीच्या वेळचा. आणि शेजारी आईचा. एक्कावन्न. एक्कावन्न. एक्कावन्न. मध्ये एकदा साडेएक्कावन्न, ते आईने भांडून खोडायला लावलं होतं. ‘मी नाही बदलत. तुमचा काटा अडकलाय,’ आई म्हणायची, आणि बाबा खरंच काटा उघडून बसायचे. शेवटच्या वर्षी आईला काट्यावर उभं केलं नाही. उभं राहता येत नव्हतं, आणि बाबांना न मोजताही कळत होतं. तो रकाना एक्कावन्नवरच थांबला. होडीत आई नेहमी पुढे बसायची, उजव्या कोपऱ्यात, पाय दुमडून, छोट्या शिडाचा दोर हातात. बाबा मागे सुकाणूवर. ती उतरल्यावर होडीचं नाक वर उठणार, हे बाबांना कोणी सांगायला नको होतं.

पाणी ओतायला किती वेळ लागला? फार तर चार मिनिटं. तीन आकड्यांची बेरीज. दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधण्यासाठी तिला नोकरीवर ठेवलंय. ‘राहू दे ते,’ बाबा म्हणाले होते, आणि तिने तेव्हा ते ऐकलं ते पाण्याबद्दल. तिला आठवत राहिलं ते मुंगीचं हसणं, त्या गुडगुड आवाजाला. तिने डोळे मिटले तर वाळूतला खळगा दिसायचा. चुकून झालं, असं ती स्वतःशी म्हणाली, आणि मग, बाबांनीच ओत म्हटलं. का म्हटलं असेल त्यांनी? तिला वाईट वाटू नये म्हणून की त्यांनाही ते एकदा ओतून टाकायचंच होतं? आणि ओतून टाकल्यावर, हलक्या होडीत, रोज, वारा असो नसो, ते कुठे जातात? पूर्वी त्या होडीत कोणीतरी पुढे बसलेलं असायचं, निदान तेवढ्या वजनाचं. निदान तेवढ्यासाठी होडी समतोल ठेवून परत आणायला हवी होती. आता पुढे कोणी नाही, मागे कोणी नाही, मध्ये एकटा माणूस, आणि हातात तिने चामडं शिवून दिलेली वल्ही. परत यायला म्हणून दिली होती. जायलाही तीच लागतात. हे तिच्या डोक्यात कसं आलं नाही? औषध कुठलंही असो, जास्त घेतलं तर काय होतं ते त्याच कागदावर दिलेलं असतं.

साडेतीन, चार. मुंगी उठली, तिला उकडलेलं गाजर कुस्करून भरवलं. अर्धं पोटात, अर्धं केसांत. ती फोन लावत होती आणि भरवत होती. सातव्यांदा लावला तेव्हा मुंगी चमचा धरून ‘बा’ म्हणाली, ते ती सगळ्यालाच म्हणते. साडेतीन तासांची गाडी आहे, पाचची पकडली तर साडेआठला पोचेन, मुंगीचं दूध, मुंगीचा स्वेटर, असं मनात जुळवत तिने पिशवी काढली आणि त्यात एक मोजा टाकला, जोडीतला दुसरा गॅलरीत. धक्क्यावर एक राखणदार आहे, लाल टोपीचा, त्याचा नंबर का घेऊन ठेवला नाही? शेजारच्यांचा? तिथे गाणं शिकणारं कोणी आहे, त्यांचं आडनाव काय? तिला त्या गावात एकही माणूस माहीत नव्हता ज्याला ‘जरा बघून येता का’ म्हणता येईल. बाबांनीही कोणाला माहीत करून घेतलं नव्हतं. ओळखीसाठी आई होती.

पावणेपाचला फोन वाजला. ‘काय गं,’ बाबा म्हणाले, ‘अकरा वेळा केलास. मुंगी बरी आहे ना?’ ती तिथेच जमिनीवर बसली, गाजरात. ‘बरी आहे. तुम्ही कुठे होता?’ ‘पाण्यावर. वारा पडलाय ना आज.’ तेच शब्द. पण पूर्वी त्या शब्दांनी बोलणं सुरू व्हायचं. ती म्हणाली, ‘केवढा उशीर बाबा.’ ‘हो, झाला जरा. डावा खांदा बोलतोय आता.’ त्यांचा आवाज चांगला होता. जरा जास्तच चांगला, उन्हात तापून आलेला, पाण्यावरून आलेल्या माणसाचा. ‘किती लांब गेला होता?’ ‘तोंडापाशी. त्या लाल पिंपाच्याही पुढे.’ लाल पिंप म्हणजे खाडी संपून समुद्र सुरू होतो ती खूण; आईला घेऊन बाबा तिथून नेहमी अलीकडे वळायचे. ‘तिथे कशाला?’ तिने विचारलं. आवाज सांभाळून, औषधाचा कागद वाचावा तसा. बाबा हसले. ‘अंदाज चुकला. त्याचं काय असतं, उलटं बसलं की किनारा दिसत राहतो. तिथे कोणी उभं असलं तर माणूस केवढा दिसतो त्यावरून कळतं आपण किती लांब आलो. बोटाएवढा झाला की वळायचं. त्या दिवशी तू उभी होतीस ना, मुंगीला घेऊन, तेव्हा बरोबर वळलो बघ. एरवी कोणी नसतं. नुसता किनारा किती लांब आहे ते कळत नाही. तो तेवढाच दिसतो.’

तिला विचारायचं होतं. वळावंसं वाटतं का बाबा? एवढं एकच. ते कॅन, ते मी ओतले, हेही सांगायचं होतं. ती म्हणाली, ‘बाबा, फोन बरोबर नेत जा ना, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून.’ ‘भिजतो गं.’ ‘नाही भिजत. मी पाठवते पिशवी.’ ‘बरं.’ ‘आणि शनिवारी येते मी.’ ‘ये की. वारा असला तर शीड लावू.’ मग ते म्हणाले बटाटे ठेवलेत, बघतो, आणि या वेळी थांब म्हणाले नाहीत, फोन ठेवला. किती बटाटे ते तिला विचारता आलं नाही. ती गाजरात बसून राहिली. मुंगी तिच्या गुडघ्याला धरून उभी राहायचा प्रयत्न करत होती, उभी राहत होती, पडत होती. गॅलरीत चादर अजून तशीच होती. शनिवारला अजून दोन दिवस होते, आणि रेडिओवर सांगितलं होतं की आठवडाभर हवा अशीच राहील.

म्हणून तिचं तुमच्याकडे एक काम आहे. तुम्ही पाण्याजवळ कुठे राहत असाल, आणि दुपारच्या वेळी वाळत घातलेले कपडे हलत नसतील, तर जरा धक्क्यापर्यंत जाऊन याल का? दोन होड्यांवर शिडी टाकून मध्ये बसलेला एक साठी ओलांडलेला माणूस दिसतो का बघा. ओळख काढायची गरज नाही. हाक मारलीत तर ते तुम्हाला ओहोटीची वेळ सांगतील, इंजिनाबद्दल बोलतील, आणि सगळं ठीक आहे असं तुम्हाला वाटेल. तिलाही वाटलं होतं. तुम्ही फक्त त्यांना दिसाल असे उभे राहा, उघड्यावर, शक्य तर गडद कपड्यांत. फोनमध्ये बघत राहू नका, त्यांच्याकडे बघा. तुम्ही बोटाएवढे झालात की त्यांना वळायला हवं. वळायला वेळ लावतील कदाचित. तेवढा वेळ थांबा, आणि ते येऊन दोर बांधेपर्यंत तिथून हलू नका.